दुसऱ्या पानावर

मंगळवार, सकाळचे साडेनऊ.
कास्त्रो गावात माझ्या स्वयंपाकघरात
लोखंडी शेगडीवर किटली,
लॅपटॉपखाली टेकू म्हणून दोन शब्दकोश,
आणि पडद्यावर सातवीची अकरा मुलं
टपालाच्या तिकिटांएवढी.

निबंधाला तोंड हवं, धड हवं, शेपूट हवी, मी सांगते.
"मग तो मासाच झाला की, प्रोफे!"
हा येर्को. त्याच्या घरी प्रत्येक गोष्टीचा शेवटी मासाच होतो.
होऊ दे, म्हणते मी,
पण काटे काढून वाढायचा.

दामारिसचा निबंध नेहमी तयार.
माझे बेट फार सुंदर आहे.
पुढचं वाक्यही सुंदर, त्याच्या पुढचंही.
मी विचारते, तुझ्या बेटाला वास कसला येतो गं?
ती कॅमेऱ्याबाहेर बघते, बहुधा आईकडे,
"वाळत घातलेल्या शेवाळाचा... आणि होडीतल्या डिझेलचा.
पण ते लिहायचं असतं का?"
लिही.
आधी डिझेल लिही.

सतरा वर्षं फळ्याजवळ उभी राहिले.
मागच्या बाकावरची चुळबुळ मला पाठीनं कळायची.
आता वर करायला चित्रातला पिवळा हात आहे
आणि कुणी गप्प झालं
की समजत नाही,
विचार चाललाय का रेंज गेलीय.

आजचा विषय : घरातलं एक माणूस.

एलिसेओ नागुइल, बेट लेमुई.
मार्चपासून एकदाही वाचलेलं नाही.
त्याचा कॅमेरा कायम छताकडे,
इतका, की त्या घराचा एक वासा मला पाठ झालाय
आणि वाशाला टांगलेली, दर आठवड्याला आखूड होत जाणारी
लसणाची वेणी.
आज त्यानं फोन उभा केला,
साखरेच्या डब्याला टेकवला असावा,
वही उघडली
आणि वाचायला लागला.

आवाज नाही.

कोपऱ्यात लाल रेघ मारलेला माइक.
"अरे, तुझा आवाज बंद आहे",
दिवसातून चाळीस वेळा म्हणते मी हे वाक्य,
झोपेतही म्हणत असेन.
आज तोंडाशी आलं आणि राहिलं.
का, ते अजून नीट सांगता येत नाही मला.
तो ओळीखाली बोट धरून वाचत होता,
एवढंच.
कुणी काही बोललं नाही. येर्कोसुद्धा!
पान उलटलं.
मध्येच तो हसला, एकटाच, वहीकडे बघून.
दुसऱ्या पानावर एका जागी ओठ थांबले.
त्यानं मागे वळून पाहिलं.
मागे फुलाफुलांचा पडदा,
आणि पडद्याबाहेर, खाटेच्या कडेवरून आलेले
जाड लोकरी मोज्यांतले दोन मोठे पाय.
पुन्हा वहीत.

संपल्यावर अक्षरं उमटली खाली :
माइक मीच बंद ठेवला होता प्रोफे
सामनच्या कारखान्यात बाबांची रात्रपाळी असते
आत्ताच झोपलेत
निबंध त्यांच्यावरच आहे

पिवळा हात कुणाचाच वर नाही.
किटलीतलं पाणी आटून गेलं होतं,
ते मला नंतर, वासावरून कळलं.

गुणांच्या तक्त्यात रकाने आहेत :
प्रस्तावना, मांडणी, शुद्धलेखन, उच्चार.
उच्चारापाशी पेन्सिल बराच वेळ नुसती टेकून.
शेवटी संध्याकाळी त्याला लिहिलं,
दुसऱ्या पानावर, मागे बघितलंस त्याच्या आधी,
तू थांबला होतास.
तिथे स्वल्पविराम राहिलाय का, बघ.

रात्री उशिरा उत्तर आलं, बाप कामावर गेल्यावर :
तिथे काहीच नाही लिहिलेलं प्रोफे
तिथे बाबांनी कूस बदलली

मग तेही घाल, मी कळवलं.
उद्या बुधवार.
त्यांना उद्या गणित आहे.